गेममधला हिरो एकटा मोठा होत नाही: सोबती आतून कसे चालतात?

मे महिन्याच्या सुट्टीत माझा मावसभाऊ आमच्याकडे कोपरला राहायला आला होता. अकरावी संपलेली, हातात फोन, आणि दिवसभर एकच गेम. तिसऱ्या दिवशी दुपारी मावशीचा फोन आला. काकांच्या खात्यातून दोन दिवसांत चार वेळा पैसे गेले होते, सगळे मिळून जवळपास चार हजार. काका चिडलेले, मावशी रडवेली, आणि हा आमच्या गॅलरीत उभा राहून दिव्याकडे जाणाऱ्या गाड्या बघत होता.

"दादा, ती एक मिळाली असती ना, तर माझी टीम पूर्ण झाली असती," तो म्हणाला.

'ती' म्हणजे गेममधली एक धनुर्धारी. ती मिळाली नाहीच.

गेमचं नाव सांगत नाही, कारण असे गेम ढिगाने आहेत. पण 'टीम पूर्ण' हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. त्याच्या वयाचा असताना मीही रोलप्लेइंग गेममधल्या सोबत्यांसाठी रात्री जागवल्या आहेत. फरक एवढाच की माझे सोबती गोष्टीत, वाटेवर भेटायचे. त्याचे दुकानात भेटतात. शिवाय गेलं वर्षभर मी स्वतः एक छोटा मराठी गेम लिहितोय. दिवसा ऑफिसचं काम, गेमचं काम कोपर ते ठाणे आणि ठाणे ते ऐरोली या प्रवासात. त्यामुळे हे सोबती आतून कसे बनतात, कुठे फसवतात आणि हिरोला खरंच कसं वाढवतात, हे आता थोडंफार कळायला लागलंय. तेच आज सांगतो.

आधी हिरो एकटाच होता

1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' नावाचा खेळ काढला. कॉम्प्युटर नाही, फक्त कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली माणसं. त्यात सुरुवातीला तीनच वर्ग होते: लढवय्या, जादूगार आणि धर्मगुरू. लढवय्या मार खाऊ शकतो, पण जखम भरू शकत नाही. जादूगार एका मंत्रात सगळं जाळू शकतो, पण त्याला एक फटका बसला की तो आडवा. धर्मगुरू जखमा भरतो. एकट्याने गुहेत गेलात तर मरणार, हे नियमांतच लिहिलेलं होतं. पुढच्या वर्षी चोर आला आणि बंद कुलपांचा प्रश्न सुटला.

हाच खेळ कॉम्प्युटरवर आणताना अडचण झाली ती मेमरीची. 1986 मध्ये जपानमध्ये आलेला पहिला 'ड्रॅगन क्वेस्ट' अख्खा 64 केबीच्या कार्ट्रिजमध्ये बसवला होता. तुमच्या फोनमधला 'गुड मॉर्निंग'चा एक फोटो याहून मोठा असतो. त्या जागेत एकच हिरो मावला. लढाईही एकास एक: समोर एक राक्षस, इकडे तुम्ही.

1987 च्या दुसऱ्या भागात कार्ट्रिज दुप्पट झालं, 128 केबी, आणि हिरोला दोन सोबती मिळाले. तुमच्या राजपुत्राला जादू अजिबात येत नाही, नुसती तलवार. त्याचा एक चुलत नातेवाईक थोडी तलवार, थोडी जादू असा. आणि तिसरी एक राजकन्या, जिला शापाने कुत्रा बनवलंय. तो शाप उतरवल्याशिवाय ती येतच नाही. म्हणजे सोबती आला की नुसती ताकद वाढली असं नाही. त्याला शोधावं लागलं, त्याच्यासाठी काहीतरी करावं लागलं. हा गेम आज फोनवरही मिळतो. खेळून बघा, ग्राफिक्सला हसाल, पण राजकन्या परत माणूस होते तेव्हा नाही हसणार.

त्याच्याही आधी, 1985 मध्ये, 'अल्टिमा फोर' नावाच्या गेमने एक वेगळी गोष्ट केली होती. त्यात शेवटी मारायला मोठा खलनायकच नाही. हिरोला आठ सद्गुण अंगी बाणवायचे असतात: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय वगैरे. प्रत्येक सद्गुणाशी एक व्यवसाय जोडलेला. तुमचा हिरो त्यातल्या एका व्यवसायाचा, उरलेल्या सात व्यवसायांचे सात सोबती. जे आपल्यात नाही ते दुसऱ्याकडे आहे, ही कल्पना इथे पहिल्यांदा इतकी उघडपणे मांडलेली मला दिसते.

मेमरीत सोबती म्हणजे काय?

प्रोग्रामरच्या नजरेने सोबती म्हणजे एक नोंद. शाळेच्या कॅटलॉगमधली एक ओळ समजा. नाव, वर्ग, जीव किती, ताकद किती, हातात काय, आणि एक आकडा: हिरोवर विश्वास किती.

शिवाय असतात 'फ्लॅग'. फ्लॅग म्हणजे हो किंवा नाही. हिरोने गाव वाचवलं का? हो. चोराला पोलिसांत दिलं का? नाही. एका बाइटमध्ये असे आठ फ्लॅग बसतात, म्हणजे शंभर बाइटमध्ये आठशे घटना लक्षात ठेवता येतात. "तुला आठवतं का, त्या पुलावर तू मला सोडून पळाला होतास?" असं एखादं पात्र वीस तासांनी म्हणतं तेव्हा अंगावर काटा येतो. आतमध्ये मात्र कुठलातरी एक फ्लॅग 'हो' असतो, बाकी काही नाही.

मग असे भरपूर सोबती का देत नाहीत? कारण गणित. दहा सोबती असतील आणि एका वेळी तिघांना बरोबर नेता येत असेल, तर 120 वेगवेगळ्या टीम बनतात. दोघा-दोघांच्या आपसातल्या गप्पा लिहायच्या म्हटलं तर 45 जोड्या. प्रत्येक जोडीला पाच संवाद द्यायचे तर सव्वादोनशे संवाद, तेही हिरोला बाजूला ठेवून. सोबत्याची खरी किंमत चित्रात नसते, लिहिण्यात असते.

मागे चालणं आणि मदतीला धावणं

तुम्ही चालता आणि सोबती मागे येतात, हे सगळ्यात साधं दिसणारं काम. जुन्या गेममध्ये त्याची युक्तीही साधी होती. हिरो ज्या ज्या चौकोनावरून गेला त्यांची यादी ठेवायची. पहिला सोबती हिरोच्या एक पाऊल मागच्या चौकोनावर, दुसरा दोन पावलं मागच्या. लोकलचे डबे जसे इंजिनाला न विचारता रुळावरून मागे येतात, तसे.

पण मोकळ्या मैदानात, खांब-भिंती-पायऱ्यांमध्ये ही युक्ती चालत नाही. तिथे वाट शोधावी लागते. त्यासाठी बऱ्याच गेममध्ये 'ए-स्टार' नावाची पद्धत किंवा तिचं एखादं भावंड वापरतात. 1968 मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एका रोबोच्या कामासाठी ती तयार झाली. कल्पना सोपी आहे: आतापर्यंत किती चाललो, अधिक इथून पुढे अंदाजे किती उरलं. या बेरजेत जी वाट सगळ्यात कमी, ती आधी तपासायची. आमच्याकडे नवीन माणूस कोपरला वसई लाइनची गाडी पकडायला येतो तेव्हा तो खालच्या फलाटावर उभा राहतो, कारण सरळ अंतर कमी दिसतं. मग कळतं की गाडी वरच्या फलाटावर येते. ए-स्टारलाही जिना माहीत असावा लागतो, नाहीतर सोबती भिंतीला डोकं घासत उभा राहतो. तुम्ही हे शंभर वेळा पाहिलं असेल.

लढाईत काय करायचं हे ठरवण्याची सगळ्यात समजायला सोपी पद्धत मला 'फायनल फँटसी ट्वेल्व्ह'मध्ये दिसली. 2006 चा गेम. त्यात प्रत्येक सोबत्याला तुम्ही नियमांची यादी देता:

1. सोबत्याचा जीव तीस टक्क्यांखाली असेल, तर औषध दे.
2. शत्रू उडणारा असेल, तर बाण मार.
3. यातलं काही नसेल, तर जवळच्या शत्रूवर वार कर.

सोबती वरून खाली यादी वाचतो आणि जो पहिला नियम लागू पडेल तो पाळतो. संपलं. तुम्हाला वाटतं तो हुशार आहे, प्रत्यक्षात यादीचा क्रम हुशार आहे. पहिला आणि तिसरा नियम अदलाबदल करून बघा, तोच सोबती तुम्हाला मरताना बघत बसेल आणि समोरच्या बेडकाला मारत राहील.

विश्वास नावाचा आकडा

आता खरा मुद्दा. सोबत्याला हिरो आवडतो की नाही, हे गेमला कसं कळतं?

पोकेमॉनच्या गेममध्ये हा आकडा लपवलेला असतो आणि तो 0 ते 255 असतो. 255 च का? कारण एका बाइटमध्ये मावणारा तो सगळ्यात मोठा आकडा. तुम्ही त्याला घेऊन चाललात, त्याची काळजी घेतलीत, की आकडा वाढतो. तो लढाईत बेशुद्ध पडला की कमी होतो. जुन्या गेममध्ये गोलबॅट नावाच्या वटवाघळाचं पुढचं रूप क्रोबॅट हवं असेल, तर आकडा 220 च्या वर न्यावा लागायचा. नुसती लेव्हल वाढवून ते कधीच बदलायचं नाही.

1997 च्या 'फायनल फँटसी सेव्हन'मध्ये असाच लपलेला आकडा होता. मधेच हिरोला एका जत्रेसारख्या ठिकाणी फिरायला कोण घेऊन जाणार, हे चौघांच्या आकड्यांवरून ठरायचं. तुम्ही दहा तासांपूर्वी कुणाला कसं उत्तर दिलं होतं, त्याचा हिशोब तिथे लागायचा.

1998 च्या 'बाल्डर्स गेट'मध्ये आकडा हिरोचा होता: त्याची ख्याती, 1 ते 20. तुम्ही फार सज्जनपणा केलात तर दुष्ट सोबती कुरकुर करून शेवटी निघून जायचे, आणि लुटालूट केलीत तर सज्जन सोबती. सगळ्यांना खूश ठेवणं शक्यच नव्हतं. हाही गेम फोनवर आहे.

2009 च्या 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'ने प्रत्येक सोबत्याला उणे 100 ते अधिक 100 अशी पट्टी दिली आणि ती स्क्रीनवर दाखवलीही. इथे गडबड झाली. भेटवस्तू दिल्या की पट्टी वर जायची, त्यामुळे काही जण सोबत्याच्या तोंडावर त्याच्या तत्त्वांविरुद्ध वागायचे आणि मग वस्तू देऊन भरपाई करायचे. मीही केलंय. पुढच्या भागात, 2011 मध्ये, पट्टीची दोन टोकं बदलली: एका बाजूला मैत्री, दुसऱ्या बाजूला स्पर्धा. सोबत्याशी सतत वाद घातलात तरी नातं घडतं आणि त्याचा वेगळा फायदा मिळतो. तोटा होतो तो मधे रेंगाळण्याचा, म्हणजे त्याच्याशी काही देणंघेणंच न ठेवण्याचा. मला हे फार खरं वाटलं. आयुष्यातही ज्याच्याशी भांडतो तो जवळचा असू शकतो. ज्याला नुसतं 'हो हो' म्हणतो तो नसतो.

माझा गेम कुठे फसला

माझा गेम नुसता मजकुराचा आहे, चित्रं नाहीत. मिठागरावर काम करणाऱ्याचा पोरगा. खाडीपलीकडच्या बुरुजावरचा दिवा विझलाय, तो लावायला जायचंय. वाटेत तिघं भेटतात: एक म्हातारी होडीवाली, एक वैदू आणि एक चोर.

पहिल्या आवृत्तीत मी सरळ धोपट काम केलं. खेकडे आणि भुतं मारली की अनुभवाचे गुण मिळतात, पाचव्या लेव्हलला पोराला खाडी पार करता येते. होडीवाली बरोबर असेल तर पार करणं सोपं जातं. तिचा विश्वास 0 ते 100. तिला सुकट-भाकरी दिली की पाच वाढतो.

ऑफिसमधल्या तिघांना खेळायला दिला. एकाने वीस वेळा सुकट-भाकरी दिली. विश्वास 100. म्हातारीने ताबडतोब आपली होडी त्याच्या नावावर केली, तीही त्याने तिला स्वतःचं नाव सांगायच्या आधी. आम्ही सगळे खूप हसलो, पण घरी येताना मला जरा वाईट वाटलं. कारण उरलेल्या दोघांनी गेम पूर्ण केला होता आणि दोघांनाही होडीवालीबद्दल एकही गोष्ट आठवत नव्हती. त्यांच्यासाठी ती एक चावी होती. कुलूप उघडलं, विषय संपला.

मग मी तीन गोष्टी बदलल्या.

पहिली: भेटवस्तूची किंमत घसरती केली. पहिल्यांदा अधिक 5, दुसऱ्यांदा अधिक 2, त्यानंतर शून्य. विश्वास वाढायचा तर वागण्याने. खोटं पकडलं गेलं तर उणे 15, चूक आपणहून कबूल केली तर अधिक 10.

दुसरी: लेव्हलने खाडी पार करणं बंद. ते कौशल्य फक्त होडीवाली शिकवते आणि तेही तीन फेऱ्यांत. पहिल्या फेरीत ती वल्हवते, पोरगा बघतो. दुसऱ्या फेरीत पोरगा वल्हवतो, ती शिव्या देत सुधारते. तिसऱ्या फेरीत ती होडीत झोपून जाते. कोडमध्ये ते साधारण असं आहे:

जर (होडीवाली सोबत आहे) आणि (फेऱ्या = 2) आणि (विश्वास 40 किंवा जास्त)
तर: ती झोपते, पोरगा एकटा वल्हवतो, 'भरती-ओहोटी ओळखणे' हे कौशल्य द्या.
नाहीतर: ती जागी राहते.

तिसरी: विश्वासाचा आकडा स्क्रीनवरून काढला. मग खेळणाऱ्याला कळणार कसं? इथे मराठी कामाला आली. होडीवाली आधी 'ए पोरा' म्हणते, मग नावाने हाक मारते, मग 'बाळा'. चोर सुरुवातीला मुद्दाम टोमणा मारल्यासारखं 'या साहेब, तुम्ही सांगाल तसं' म्हणतो आणि ज्या दिवशी पहिल्यांदा 'तू' म्हणतो त्या दिवशी समजायचं, आता हा पळून जाणार नाही. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू', तिथे हे जमवायला वेगळी खटपट करावी लागली असती. आपल्याकडे ते सर्वनामातच तयार आहे.

मग हिरो मोठा होतो म्हणजे काय होतं?

लेव्हल 1 वरून लेव्हल 50 होणं ही झाली आकड्यांची वाढ. ती एकट्यालाही जमते. सोबत्यांमुळे होणारी वाढ मला तीन प्रकारची दिसते.

एक, आपल्याला जे येत नाही ते कळणं. लढवय्याला कुलूप उघडता येत नाही, हे चोर भेटेपर्यंत त्याला टोचतही नाही.

दोन, आपल्यात जे आहे ते दुसऱ्याने दाखवणं. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण कुठल्याच गेममधलं नाही, रामायणातलं आहे. समुद्रकिनारी सगळे वानर हताश बसलेत, कोण किती लांब उडी मारू शकतो याची चर्चा चाललीय आणि हनुमान गप्प आहे. त्याला त्याच्या ताकदीची आठवण जांबवंत करून देतो. हनुमानाने त्या क्षणी कुठला राक्षस मारला नाही, कुठलं शस्त्र मिळवलं नाही. गेमच्या भाषेत बोलायचं तर कौशल्य आधीच होतं, ते उघडलं सोबत्याने.

तीन, निर्णयाची जबाबदारी अंगावर येणं. 2010 च्या 'मास इफेक्ट टू'मध्ये शेवटची मोहीम जवळजवळ आत्मघातकी असते. तोपर्यंत तुम्ही प्रत्येक सोबत्याचं वैयक्तिक काम सोडवलं असेल तर तो मनापासून तुमच्याबरोबर असतो. मोहिमेत कुणाला कुठलं काम द्यायचं हे तुम्ही ठरवता. चुकीच्या माणसाला चुकीचं काम दिलंत तर तो मरतो आणि परत येत नाही. दोन तरी सोबती जिवंत उरले नाहीत तर हिरोही मरतो. तुमची बंदूक कितीही भारी असली तरी.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण बघायचं तर पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये काढलेला 'राजी: अॅन एन्शन्ट एपिक' आहे. तो रोलप्लेइंग नाही, अॅक्शन-अॅडव्हेंचर आहे आणि राजी जवळजवळ पूर्ण वेळ एकटीच लढते. पण तिची गोष्ट सुरू होते ती लहान भाऊ गोलूला राक्षस पळवून नेतात म्हणून. तिच्यावर लक्ष ठेवून दुर्गा आणि विष्णू आपसात बोलत असतात आणि ते बोलणं आपल्याला ऐकू येतं. म्हणजे बरोबर चालणारं कुणी नाही, तरी ती एकटी वाटत नाही. सोबती दिसायलाच हवा असं नसतं. तो नसल्याची जागाही हिरोला ढकलत राहते.

गंमत म्हणजे त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आलेल्या 'गेन्शिन इम्पॅक्ट'ची सुरुवातही हरवलेल्या भावंडापासूनच होते. आणि इथून आपण मावसभावाच्या चार हजारांकडे परत येतो.

विकत मिळणारा सोबती

'गेन्शिन'सारख्या गेममध्ये चार जणांची टीम असते आणि त्यातले बरेच सोबती सोडतीतून मिळतात. या पद्धतीला गाचा म्हणतात. जपानमध्ये नाणं टाकून गोल डबीतलं खेळणं काढायची यंत्रं असतात, त्यावरून हे नाव आलं. डबीत काय आहे ते काढल्यावरच कळतं.

'गेन्शिन'ने आपले आकडे गेममध्येच छापलेत. पंचतारांकित पात्र मिळण्याची मूळ शक्यता दर खेपेला 0.6 टक्के. नव्वदाव्या खेपेपर्यंत एक पंचतारांकित नक्की मिळतं, पण ते तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. पहिलं चुकलं तर पुढचं नक्की हवं ते. म्हणजे नशीब पूर्ण फिरलं तर 180 खेपा.

0.6 टक्के म्हणजे किती कमी हे डोक्यात बसत नाही, म्हणून हिशोब करू. एका खेपेत न मिळण्याची शक्यता 0.994. पन्नास खेपांत एकदाही न मिळण्याची शक्यता म्हणजे 0.994 चा पन्नासावा घात, साधारण 0.74. याचा अर्थ पन्नास पन्नास खेपा केलेल्या चार जणांपैकी तिघं हात हलवत परत जातात. फोनच्या कॅल्क्युलेटरवर स्वतः करून बघा. मावसभावाच्या गेमचे आकडेही आम्ही दोघांनी मिळून असेच काढले. तो बराच वेळ काही बोलला नाही.

असे गेम वाईटच असतात असं मी म्हणणार नाही. 'गेन्शिन'मध्येही मैत्रीची पातळी आहे, दहापर्यंत जाते, पात्रांच्या गोष्टी उलगडतात, आणि पैसे न घालता खेळणारे पुष्कळ आहेत. पण रचनेतला एक फरक लक्षात घ्या. जुन्या गेममध्ये सोबती निघून जाऊ शकायचा. पैसे देऊन काढलेला सोबती कधीच निघून जात नाही; तुम्ही कसेही वागा, तो तुमचा. ज्याच्यासाठी तुम्ही पैसे मोजलेत तो 'तू चुकलास' म्हणून दार आपटून गेला, तर तुम्ही परत पैसे द्याल का? नाही. म्हणून तो जात नाही. आणि जो जाऊ शकत नाही त्याच्यासाठी हिरोला बदलावंही लागत नाही.

मी मावसभावाला विचारलं, "तुझा हिरो चुकीचं वागला तर तुझ्या टीममधलं कोण त्याला बोलतं?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "संवाद मी स्किप करतो."

गेम उतरवण्याआधी

त्याच आठवड्यात मी त्याला माझा गेम दिला. चित्रं नाहीत म्हणून आधी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या दिवशी ठाण्याला जाताना गाडीत खेळत होता. दिव्याचं तेल त्याने वाटेत विकलं आणि होडीवालीला सांगितलं सांडलं म्हणून. पुढच्या किनाऱ्यावर वैदूने खरं सांगितलं. म्हातारी काही न बोलता होडी घेऊन गेली.

मुंब्र्याच्या आसपास त्याने मान वर केली. "दादा, ही गेली. परत आणायला काय घ्यावं लागतं?"

"काही घ्यावं नाही लागत. वैदूच्या घरी आहे ती. जाऊन खरं सांग."

"आणि मग येते?"

"पहिल्यांदा सांगितल्यावर नाही येत."

तो परत स्क्रीनकडे वळला. काकांचे पैसे आता तो दर महिन्याला तीनशे करून फेडतोय, ते मात्र खऱ्या खिशातून.

तुम्ही पुढचा रोलप्लेइंग गेम उतरवाल तेव्हा एवढं बघा:

- सोबती गोष्टीत भेटतात की सोडतीत? सोडत असेल तर शक्यतेचे आकडे गेममध्ये कुठे लिहिलेत ते आधी शोधा आणि पन्नास खेपांचा हिशोब करा.
- सोबती तुमच्याशी असहमत होऊ शकतो का? निघून जाऊ शकतो का? असेल तर गेम बहुतेक चांगला लिहिलेला आहे.
- एकदाच पैसे देऊन मिळणारे जुने गेम महाग वाटतात, पण तो आकडा तिथेच थांबतो. 'ड्रॅगन क्वेस्ट टू', 'बाल्डर्स गेट', 'फायनल फँटसी सेव्हन' हे तिन्ही फोनवर आहेत.
- घरातल्या ज्या फोनवर पैसे भरायची सोय जोडलेली आहे, त्यावर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय चालू करा. दोन मिनिटांचं काम आहे. आम्ही ते चार हजार गेल्यावर केलं.
- आणि संवाद स्किप करू नका. सोबती तिथेच असतो.